मोटारसायकलला ऑइल टेम्परेचर मीटर बसवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः हवेवर थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक गाड्यांसाठी आहे: स्प्लेंडर, जुनी-नवी बुलेट आणि त्याच जातकुळीतल्या बाकीच्या. खाली नुसतं ‘मीटर’ म्हटलं असेल तिथे काट्याचं ऑइल टेम्परेचर मीटर समजा.

हे मीटर म्हणजे नक्की काय?

इंजिनात ऑइल भरायचं जे झाकण असतं, त्याच्या जागी आट्यांवर बसणारं छोटं थर्मामीटर. वर नाण्यापेक्षा जरा मोठी डायल, खाली पोलादी दांडी. दांडीच्या पोकळीत दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. तापली की एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, गुंडाळी पिळली जाते आणि तिला जोडलेला काटा फिरतो. बॅटरी नाही, वायर नाही, बिघडायला फारसं काही नाही.

इंजिन तापलंय हे मांडीला कळतंच की. मीटर कशाला?

मांडीला कळतं ते हेड आणि सिलिंडरच्या पंख्यांचं (बाहेरच्या धातूच्या पट्ट्यांचं) तापणं. सिग्नलला दोन मिनिटं थांबलात की पंखे भाजायला लागतात, पण खालचं ऑइल तेवढ्यात फार तर अंशा-दोन अंशांनी हलतं. उलट लांबच्या घाटात वाऱ्यामुळे वर बरं वाटत असतं आणि ऑइल हळूहळू चढत गेलेलं असतं. इंजिनाचं आयुष्य ज्याच्यावर ठरतं ते ऑइल आतून किती तापलंय हे बाहेरून हात लावून समजत नाही.

दुसरं कारण रोजच्या वापरातलं. गाडी सुरू केल्यावर ऑइल कामाच्या तापमानाला यायला किती वेळ लागतो हे बहुतेकांना माहीतच नसतं. अंदाज विचारला तर लोक दोन-तीन मिनिटं सांगतात. थंडीच्या दिवसांत मीटर बघा, पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. तोवर गाडी पिळायची नाही, एवढं जरी मीटरने शिकवलं तरी पैसे वसूल.

माझ्या गाडीला रेडिएटर आहे. बसवू का?

गरज नाही. कुलंटचं मीटर किंवा दिवा कंपनीने दिलेलाच असतो आणि अशा इंजिनात ऑइलही बऱ्यापैकी आटोक्यात राहतं. हौस असेल तर बसवा.

आरएक्स १०० किंवा येझदीला चालेल का?

जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना उपयोग नाही. त्यांच्यात पिस्टन आणि क्रँकला ऑइल मिळतं ते पेट्रोलबरोबर जळून जाणारं. खालच्या झाकणातून दिसतं ते गिअरबॉक्सचं ऑइल, आणि त्याचं तापमान कळून पिस्टन जाम होण्याचा अंदाज येत नाही. टू-स्ट्रोकला मोजायचंच असेल तर प्लगखाली वायसरसारखं बसणारं हेड टेम्परेचर सेन्सर घ्या.

बाजारात प्रकार किती आहेत? कोणता घ्यावा?

तीन. पहिला वर सांगितलेला, झाकणाच्या जागी बसणारा. दुसरा केशनळीचा: एका टोकाला फुगीर बल्ब, मधे तांब्याची बारीक नळी आणि हँडलवर डायल. हा जुन्या ट्रॅक्टरांवर पाहिला असेल. मोटारसायकलवर ती नळी कुठेतरी मुडपते आणि मग अख्खं मीटर भंगारात. तिसरा विजेवर चालणारा: इंजिनात सेंडर (ताप टिपून वायरीने डायलला कळवणारा भाग), हँडलपाशी साधारण ५२ मिलीमीटरची डायल आणि मधे वायर.

गाडी चालवताना नजर टाकायची असेल तर तिसरा हवा. झाकणावरचं मीटर पायापाशी असतं, चालत्या गाडीवरून वाकून बघण्याच्या भानगडीत पडू नका. पण बहुतेकांना सिग्नलला, चहाच्या टपरीवर किंवा घाटमाथ्यावर थांबल्यावर बघितलं तरी पुरतं. म्हणून माझं मत पहिल्या प्रकाराला. डायल सेल्सिअसमध्ये आणि निदान १५० अंशांपर्यंत असलेली घ्या. फॅरनहाइटची मीटरं स्वस्तात मिळतात, पण मग २१२ म्हणजे १०० आणि २५० म्हणजे १२१ हे दर वेळी डोक्यात फिरवत बसावं लागतं.

माझ्या गाडीला कोणत्या आट्यांचं मीटर बसेल?

मूळ झाकण काढून मोजा, दुसरा इलाज नाही. व्हर्नियरने आट्यांचा बाहेरचा व्यास घ्या आणि आट्यांची पीच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बघा. पीच मोजायला पाच आटे मोजून त्यांची लांबी पाचाने भागली की झालं. छोट्या जपानी घराण्यातल्या गाड्यांत २० मिलीमीटर व्यास आणि २.५ मिलीमीटर पीच पुष्कळदा सापडते, पण ‘पुष्कळदा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे. व्यास जुळला आणि पीच जुळली नाही तरी मीटर पहिला दीड फेरा गोड बोलून आत जातं, मग अडतं. तिथे पाना लावला की कव्हरच्या ॲल्युमिनियमचे आटे मेले. मग हेलिकॉइल (मेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) किंवा नवं कव्हर.

सगळ्यात सोपं म्हणजे मूळ झाकण खिशात घालून दुकानात जायचं. पुण्यात नाना पेठेत अशी झाकणं रोज जुळवली जातात. तयार मीटर मिळालंच नाही तर जादा झाकण विकत घेऊन लेथवाल्याकडून त्याच मापाचं ॲल्युमिनियमचं बूच करून घ्या आणि मधे मीटरची दांडी बसवा. मूळ झाकण प्लॅस्टिकचं असेल तर त्यालाच भोक पाडून काम भागवू नका. गरम ऑइल आणि इंजिनाची थरथर यांच्यात ते भोक फार टिकत नाही.

दांडी किती लांब असावी?

मीटर बसवताना सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, त्यामुळे जरा सविस्तर.

पुष्कळ गाड्यांत ऑइलचं झाकण क्लचच्या कव्हरवर असतं. स्प्लेंडरसारख्या गाडीत उजव्या बाजूला, डिपस्टिकसकट (ऑइल किती आहे ते बघायची पट्टी). त्या कव्हरच्या आत क्लचची टोपली आणि तिचा मोठा गिअर फिरत असतो. बुलेटच्या २००९ च्या आसपास आलेल्या यूसीई इंजिनात (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोळीत) झाकण उजव्या कव्हरवर आहे, तिथे क्लच नाही पण टायमिंगचे गिअर आहेत. लोखंडी सिलिंडरच्या जुन्या बुलेटचं वेगळं: ऑइल क्रँककेसमध्येच स्वतंत्र कप्प्यात साठतं आणि बूच त्या कप्प्यावर. म्हणजे दांडीसमोर काय आहे हे गाडीगणिक बदलतं.

मूळ झाकणाला डिपस्टिक असेल तर नियम एका ओळीचा: मीटरची दांडी मूळ डिपस्टिकपेक्षा लांबही नको आणि जाडही नको. दोन्ही शेजारी ठेवून आटे जिथे संपतात तिथून खाली मोजा. डायलपासून मोजाल तर फसाल, कारण दोघांच्या डोक्याची उंची वेगळी असते.

डिपस्टिक नसेल, म्हणजे लेव्हल बघायला काच असेल, तर इंजिन बंद ठेवून एक लांब केबल टाय भोकातून आत सोडा. दांडी ज्या रेषेत जाणार त्याच रेषेत. कुठे टेकतो तिथे नखाने धरून बाहेर काढा आणि मोजा. मग प्लग काढून किक हाताने हळूहळू दाबत इंजिन थोडं फिरवा, पण किक दाबताना केबल टाय पूर्ण बाहेर. असं तीन-चार ठिकाणी मोजून सगळ्यात कमी आलेलं माप धरा आणि त्याच्याहून निदान सेंटिमीटरभर आखूड दांडी घ्या. पहिल्यांदा बसवल्यावर दांडीच्या टोकाला मार्करने किंवा नेलपॉलिशने रंग लावून किकने इंजिन फिरवा आणि मीटर काढून बघा. रंगावर ओरखडा असेल तर ते मीटर त्या गाडीचं नाही.

दांडी कापून आखूड करता येत नाही. जोडपट्टीची गुंडाळी खालच्याच टोकाला असते.

दांडी ऑइलपर्यंत पोचतच नसेल तर?

मग मीटर दाखवतं ते आत उडणाऱ्या ऑइलचं आणि वाफेचं मिळून तापमान. खालच्या चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी साठलेल्या, ऑइलपेक्षा ते साधारणपणे कमी येतं. म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. तुमच्या गाडीचा रोजचा आकडा तुम्हाला ठाऊक झाला की त्याच्या वर किती गेलं हे महत्त्वाचं. मात्र मित्राच्या गाडीवरच्या आकड्याशी तुलना करू नका.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्या. दांडी नेहमी ऑइलात बुडालेली असते अशा गाडीत काटा नेहमीपेक्षा *खाली* राहायला लागला तर आनंद मानू नका. ऑइल कमी होऊन दांडी हवेत लोंबकळत असेल. आधी लेव्हल बघा.

मीटर खरं दाखवतं याची खात्री कशी करायची?

बसवायच्या आधी स्वयंपाकघरात. पातेल्यात पाणी खळखळून उकळू द्या आणि ऑइलात जेवढी दांडी बुडणार तेवढीच पाण्यात बुडवा. डायल पकडीत फडकं गुंडाळून धरा, दांडीचं टोक पातेल्याच्या बुडाला टेकू देऊ नका, नाहीतर गॅसचाच ताप मोजाल. काटा स्थिर व्हायला मिनिटभर द्या.

आता आकडा. मुंबई-रत्नागिरीला पाणी १०० अंशांना उकळतं. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, तिथे सुमारे ९८. महाबळेश्वरला साडेपंचाण्णवच्या आसपास. लेहला प्रवासात कोणी हा प्रयोग केलाच तर ८८. पुण्यातल्या माणसाने ९८ बघून मीटर दुकानदाराच्या तोंडावर फेकू नये एवढ्यासाठी हे सांगितलं. चार-पाच अंशांचा फरक या किमतीत चालवून घ्यायचा आणि डायलच्या कडेला कायमच्या मार्करने बारीक रेघ मारून ठेवायची. दहाच्या वर फरक असेल तर बदलून घ्या.

बसवायची पद्धत?

इंजिन थंड हवं. गरम इंजिनाचं झाकण उघडून हात भाजून घेणारे दर महिन्याला भेटतात. झाकणाभोवतीचा चिखल आधी ब्रशने आणि फडक्याने साफ करा. ही पायरी कोणी करत नाही आणि तोच कचरा ऑइलात पडतो. गाडी सरळ उभी करून झाकण काढा, मीटरच्या आट्यांवर आणि ओ-रिंगवर बोटाने थोडं इंजिन ऑइल फिरवा आणि हाताने बसवा. आधी उलट्या दिशेने अलगद फिरवायचं. आटे जागेवर आले की बारीकसा ‘टिक’ बोटांना कळतो, तिथून सुलट. शेवटपर्यंत बोटांनीच गेलं पाहिजे. ओ-रिंग टेकल्यावर पाव फेरा, बास. इथे दाब धरून ठेवायचं काम ओ-रिंगचं आहे, ताकदीचं नाही.

ओ-रिंग गरम ऑइलात टिकणारी हवी. नळाच्या कामाचं काळं रबर चार दिवसांत कडक होऊन पाझरायला लागतं. टेफलॉन टेप आणि लाल-काळं सिलिकॉन इथे अजिबात नको. सिलिकॉनचा तुकडा आत पडला तर ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो.

डायल वाकडी थांबली, म्हणजे शंभर खाली आणि शून्य वर, तर काहींची मान सैल करून डायल फिरवता येते. तशी सोय नसेल तर वाकडं वाचायची सवय लावून घ्या. डायल सरळ दिसावी म्हणून जास्त आवळणं हे आटे जाण्याचं दुसरं मोठं कारण आहे.

चेंबरच्या ड्रेन बोल्टमध्ये (ऑइल काढायच्या बोल्टमध्ये) सेंडर बसवला तर?

माप तिथे सगळ्यात खरं मिळतं, पण जागा वाईट. आपल्याकडच्या गतिरोधकांवर आणि गावाकडच्या रस्त्यांवर खालून पहिला फटका त्यालाच. सेंडर तुटला की सगळं ऑइल रस्त्यावर. खाली मजबूत क्रॅशप्लेट असेल तरच विचार करा. शिवाय पुष्कळ गाड्यांच्या मूळ ड्रेन बोल्टला लोहचुंबक असतं, लोखंडाचा चुरा धरून ठेवणारं. नव्या बोल्टात ते नसेल तर ती सोय गेली.

विजेच्या मीटरची वायरिंग कुठून घ्यावी?

चावी लावल्यावरच सुरू होणाऱ्या डीसी लाइनवरून, मधे छोटा फ्यूज टाकून. जुन्या गाड्यांत हेडलाइट थेट कॉइलच्या एसी करंटवर चालतो. तिथून घेतलंत तर काटा नाचेल. सेंडरची अर्थिंग बहुतेक वेळा त्याच्या आट्यांमधूनच इंजिनाला मिळते, तिथे टेप गुंडाळला की अर्थिंग तुटते आणि मीटर वेडंवाकडं दाखवतं. आणि सेंडर ज्या मीटरचा त्याच मीटरला लावा. दोन कंपन्यांची जोडी जमवली तर आकड्याला अर्थ राहत नाही.

किती तापमान नॉर्मल?

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला ८० ते ११० अंश म्हणजे सुखाची चाल. मोकळ्या रस्त्यावर, एकटा स्वार, हिवाळा, की काटा याच पट्ट्यात कुठेतरी बसून राहतो. उन्हाळ्यात स्वारगेटच्या कोंडीत किंवा जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट दोघं आणि सामान घेऊन चढताना ११५-१२५ दिसलं तर घाबरू नका. घाटात वेग कमी, थ्रॉटल जास्त आणि गाडीच्या अंगाला वारा पुरेसा नाही, तिन्ही गोष्टी एकदम येतात. उतरणीला लागलात की काटा परततो. विदर्भात मे महिन्यात बाहेरच ४५ असतं, तिथे सगळे आकडे दहा-पंधराने वर धरा.

१३० दिसायला लागलं की थ्रॉटल सोडा, गिअर बघा, सावली शोधा. १४० च्या पुढे थांबाच.

या आकड्यांमागचं कारण असं. डब्यावरचा २०डब्ल्यू ५० किंवा १०डब्ल्यू ३० मधला दुसरा आकडा ऑइल १०० अंशांना किती दाट आहे ते सांगतो. ५० म्हणजे १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक), ३० म्हणजे ९.३ ते १२.५. शंभराच्या वर प्रत्येक अंशाला ते आणखी पातळ होतं. शिवाय ढोबळ नियम असा की दर १० अंशांना ऑइलचं सडणं जवळपास दुप्पट वेगाने होतं. म्हणजे १२० वर काढलेला तास ११० वरच्या दोन तासांएवढा. घाटात नेहमी फिरत असाल तर किलोमीटरच्या आधीच ऑइल बदला, हा त्यातला व्यवहार.

मग जास्त दाट ऑइल टाकू का?

कंपनीने सांगितलेला ग्रेड सोडू नका. १०डब्ल्यू ३० साठी बनवलेल्या इंजिनात ५० टाकल्याने ते थंड होत नाही. पंप जास्त झगडतो, सकाळी ऑइल वर पोचायला उशीर होतो. त्याच ग्रेडचं सिंथेटिक घेतलंत तर जास्त ताप सोसतं. क्लच ऑइलात भिजणारा असेल तर डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) असल्याशिवाय हात लावू नका. कारचं ऑइल टाकून क्लच घसरायला लागला की लोक मीटरला दोष देतात.

काटा नेहमीपेक्षा वर राहायला लागलाय. काय बघू?

पहिलं लेव्हल. दुसरं पंख्यांमधला चिखल, विशेषतः कोकणातून आल्यावर. वाळलेली लाल माती पंख्यांमध्ये भरली की वारा आतपर्यंत लागतच नाही. तिसरं, मागच्या चाकाचा ब्रेक चिकटतोय का: सेंटर स्टँडवर चाक हाताने फिरवून बघा. चेन फार ताणलेली असणं, टायरमध्ये हवा कमी, क्लच घसरणं, पेट्रोलचं मिश्रण पातळ होणं (हवा जास्त, पेट्रोल कमी), ही पुढची यादी. जादाची लेगगार्ड, मोठा फ्लॅप किंवा पुढे अडकवलेली बॅग वारा अडवत असेल तर तेही. ऑइल कूलरचा खर्च या सगळ्यानंतर.

माझा काटा ६० च्या वर जातच नाही. चांगलंच ना?

नाही. घर ते स्टेशन दोन किलोमीटर, परत दोन किलोमीटर, अशा चालीत ऑइल कधीच नीट तापत नाही आणि ज्वलनातून आलेली पाण्याची वाफ आत साठत राहते. झाकण काढल्यावर आतून ताकाच्या रंगाचा चिकट फेस दिसतो तो हाच. पावसाळ्यात जास्त. आठवड्यातून एकदा अर्ध्या-पाऊण तासाची चक्कर मारून काटा ९० च्या वर नेला की ते पाणी उडून जातं. त्यानंतरही फेस राहिला तर मात्र पाणी बाहेरून येतंय का ते मेकॅनिकला दाखवा.

पाऊस आणि धुलाई?

स्वस्त मीटरच्या काचेखाली पहिल्याच पावसाळ्यात दव धरतं. काचेच्या कडेने पारदर्शक नेलपॉलिश फिरवलं तर बराच काळ निभावतं. द्रव भरलेली डायल घेतली तर थरथरही कमी वाचते. सिंगल सिलिंडरच्या बुलेटवर कोरड्या डायलचा काटा चालत्या इंजिनावर नुसता धूसर दिसतो. सर्व्हिसिंगला प्रेशरचा पाइप थेट डायलवर मारू नका असं पोराला आधीच सांगा.

लेव्हल आता कशी बघायची?

काच असेल तर आधीसारखीच. डिपस्टिकची गाडी असेल आणि मीटरच्या दांडीवर खुणा नसतील तर मूळ डिपस्टिक वापरा. पुष्कळ गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते एकदा वाचा. मीटरच्या दांडीवर स्वतः खुणा कोरू नका, तिथला पत्रा पातळ असतो.

वॉरंटी आणि आरटीओचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडवलेला बदल म्हणजे गाडीच्या रचनेतला, तिचं मूळ वैशिष्ट्य बदलणारा. झाकण बदलल्याने तसं काही होत नाही. वॉरंटीची गोष्ट निराळी: वायर कापलेली किंवा चेंबरला भोक पाडलेलं दिसलं की सर्व्हिस सेंटर हात वर करू शकतं. गाडी वॉरंटीत असेल तर झाकणावरचंच मीटर घ्या आणि सर्व्हिसिंगला देताना मूळ झाकण लावून द्या. ते झाकण त्याच्या ओ-रिंगसकट एरवी टूलकिटमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत. रस्त्यात डायलला दगड लागून मीटर फुटलं तर त्याच झाकणावर घरी येता येतं.